‘नाही’ आणि ‘जागेवर नाही’

विघ्नहर्त्या गजाननाला, वाग्देवी शारदेला आणि जिच्या पाण्यावर आपण सारे वाढलो त्या पैनगंगामाईला वंदन करून, आज सर्वपित्री अमावास्येच्या दिवशी, चिरंजीव वामना, मी हे तुला लिहीत आहे. ‘चिरंजीव’ हा शब्द सवयीने उतरला. वयाने तू माझ्या मुलाच्या बरोबरीचा. तुझ्या नावामागे दुसरे काही लिहिण्याची माझ्या हाताला सवय नाही. तो शब्द मी खोडत नाही.

आज सकाळी नदीवर तर्पण केले. पितरांच्या ओंजळी झाल्यावर आप्तमित्रांसाठी पाणी सोडतात, तेव्हा तुझे नाव घेतले. तर्पण करताना चित्त शांत असावे असा दंडक आहे. माझे नव्हते. मी रागावलेला होतो. आयुष्यभर संध्यावंदन करूनही या वयात राग आवरत नाही, याचाही राग आला होता. म्हणून जे नदीवर मनात दाबले ते येथे लिहितो. वाचनालयात येणाऱ्यांनीही हे वाचावे. त्यांच्यापासून लपवावे असे यात काही नाही.

तुझी शोकसभा वाचनालयाच्या पुढच्या दालनात झाली. तुझ्या तसबिरीला झेंडूचा हार होता. आपले अध्यक्ष अण्णासाहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, “वामनराव म्हणजे आपल्या पोथ्यांची चालतीबोलती सूची. ते गेले, अन् त्यांची ती पेटीही मुकी झाली. आता तिला विचारणार कोण?” सभेने उसासे टाकले. एकाने डोळेही पुसले. शोकसभेत वाद घालू नये हा संस्कार आड आला, नाहीतर मी तेथेच उठलो असतो. मुकी झाली म्हणे! जी वस्तू तू स्वतः नसताना चालावी म्हणूनच घडवलीस, ती तुझ्याबरोबर गेली असे तुझ्याच तसबिरीसमोर सांगितले गेले, आणि त्याला श्रद्धांजली म्हटले गेले.

नवख्या वाचकाला ही पेटी म्हणजे काय ते कळावे म्हणून सांगतो. आपल्या वाचनालयात गावोगावच्या घरांतून आलेल्या हस्तलिखित पोथ्या आहेत. दुसरबीडच्या भाजीच्या मळ्यातून निघून तू नागपुरास ग्रंथालयाचे शिक्षण घेतलेस आणि येथे आलास, तेव्हा त्या पोथ्या गाठोड्यांत बांधून पडल्या होत्या. तू खामगावच्या सुताराकडून लहान लहान खणांचे एक लाकडी कपाट करवून घेतलेस. जिनिंगला कापूस टाकून परतणाऱ्या ट्रकमधून ते आले. त्याच्या खणांत सरकीचे तूस कितीतरी दिवस निघत होते. प्रत्येक पोथीचे एक कार्ड, प्रत्येक खणातली कार्डे लोखंडी सळईत ओवलेली. प्रत्येक खणाच्या वर, चौकटीवर, विषयाच्या पहिल्या अक्षराची पट्टी. कार्डावर पोथीचे नाव, विषय, कर्ता, नकलणारा, आणि ती कोणत्या कपाटात कोणत्या फळीवर आहे ते. गाव त्याला ‘वामनाची पेटी’ म्हणू लागले. तुला ते नाव आवडत नसे.

“माही कायची, शास्त्रीबुवा?” तू चिडून म्हणायचास. “मी बाजारले गेलो, तापानं पडलो, नाही त कोणाच्या लग्नाले गेलो, तरी पोथी सापडली पायजे. दर वेळी मलेच इचारा लागलं त ते पेटी कायची? ते त माहं तोंड झालं.”

पहिल्या दिवसापासून तुझी हेटाळणी झाली, हेही आज लिहायलाच हवे. कारण शोकसभेत ज्यांनी तुझे गुण गायले त्यांचेच शब्द मला आठवतात. “वांग्याची पाटी लावणं अन् पोथी लावणं एकच समजतो का हा?” असे अण्णासाहेब भरल्या दालनात म्हणाले होते. तू बाहीला हात पुसत उत्तर दिलेस, “एकच हाये, अण्णासाहेब. वांगी कुठं अन् मेथी कुठं, हे गिऱ्हाइकाले न इचारता दिसलं पायजे. ज्याच्या दुकानात इचारा लागते, त्याचा माल सडते.” लोक हसले. अण्णासाहेब हसले नाहीत. ते त्यांनी मनात ठेवले असावे असे मला नंतरच्या घडामोडींवरून वाटते, आणि माझे वाटणे चुकीचे असेल तर देव मला क्षमा करो.

मी पहिल्यांदा पेटीपाशी बसलो तो दिवस आठवतो? एक टीका हवी होती. खण ओढला, कार्डे चाळली, आणि म्हणालो, “नाही.” तू खिडकीत बसून सुपारी कातरत होतास. मान वर न करता विचारलेस, “कोणतं नाही?”

“म्हणजे?”

“तुमच्या न्यायशास्त्रात किती ‘नाही’ असतेत?”

मी सांगितले की अभाव चार प्रकारचा मानतात. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तो प्रागभाव. नष्ट झाल्यावरचा तो प्रध्वंसाभाव. जी कधी नव्हती व नसेल तिचा अत्यंताभाव. आणि घट म्हणजे पट नव्हे, असा जो परस्परांतील भेद, तो अन्योन्याभाव. तू सुपारी तोंडात टाकलीस आणि टाळी वाजवलीस. “मंग झालं की! माह्या पेटीत बी चारच. पोथी आली, पण कार्ड लिवाचं राह्यलं, हे तुमचं पयलं. वाळवीनं पोथी खाल्ली अन् कार्ड तेवढं उरलं, हे दुसरं. आपल्याकडं ते पोथी कधी आलीच नाही, हे तिसरं. अन् चवथं लय मोठं, शास्त्रीबुवा. तुमी उघडलेला खण तो नोहे. वरची पट्टी वाचा.”

मी वाचली. खरोखरच मी शेजारचा खण उघडून बसलो होतो. त्या दिवशी तू मला जो क्रम शिकवलास तो मी आजवर कोणत्याही गुरूने दिलेल्या पाठाइतका सांभाळला आहे. आधी पाहा, आपण योग्य खणाशी बोलतो आहोत का. मग पाहा, आपला प्रश्न फार मोठा तर नाही. नुसते ‘स्तोत्र’ म्हटले तर अर्धा खण हातात येतो आणि माणूस कंटाळून उठतो. तो फार बारीकही नसावा. चार अटी एकदम घातल्या तर त्यातली एक चुकली तरी हाती काही लागत नाही. तेव्हा अटी एकेक करून सोडाव्यात. आणि पेटीला जे ठाऊक आहे तेच तिला विचारावे. आपल्याला जे ठाऊक आहे ते नव्हे. शेवटी, कार्ड सापडले आणि फळी रिकामी असली, तर ‘नाही’ असे म्हणू नये. ‘जागेवर नाही’ असे म्हणावे. “पयल्या शब्दानं शोध संपते,” तू म्हणालास, “दुसऱ्यानं सुरू होते.”

यासाठीच तर तू त्या फळ्या केल्या होत्यास. हाताएवढ्या, बाभळीच्या. पोथी वाचायला बाहेर गेली की तिच्या जागी एक फळी उभी राही आणि तिच्यावर खडूने लिहिलेले असे की ती कोणाकडे गेली. पोथीच्या जागी पोकळी कधीच नसे, निरोप असे. ही व्यवस्था पाहूनच गावोगावची माणसे आपल्या घरातल्या पोथ्या आपल्या हवाली करू लागली.

आपले वाद मात्र होते, आणि त्यातले दोन तू अर्ध्यावर टाकून गेलास. पहिला मांडणीचा. तू पोथ्या आल्या त्या अनुक्रमाने लावल्यास. श्रुतीच्या शेजारी गुरांच्या औषधांची पोथी पाहून मला कसेसेच होई. मी म्हणे, श्रुती वर असावी, तिच्याखाली स्मृती, मग पुराणे, काव्य, आणि वैद्यक सर्वांत खाली. तू म्हणायचास, “देवाले मान द्या, पोथीले नंबर द्या.” दुसरा वाद घराण्यांचा. आपल्या भागात पोथी कुणी नावाने मागत नाही. ‘देशपांड्यांकडची’, ‘मळ्यातल्या बाबाची’ अशी मागतात. मी म्हणालो, घराच्या नावाचेही एक कार्ड असू दे. तू हट्टाला पेटलास. “घराचं नाव लावलं की पोथी घराची होते. उद्या भाऊ-भाऊ येऊन वाटणी मांगतीन. आल्या पोथीले फक्त तिचं नाव.” माझे अजूनही तुझ्याशी पटलेले नाही.

मागच्या दसऱ्याला तू दुसरबीडला घरी होतास आणि मी मुलीकडे खामगावला. सरस्वतीपूजनासाठी पोथ्या खाली काढायच्या, पाटावर रचून त्यांची पूजा करायची, ही आपली रीत. ती सुंदर आहे. पण त्या वर्षी पूजा झाल्यावर अण्णासाहेबांच्या आज्ञेने पोथ्या नंबराने परत न लावता पावित्र्याने लावल्या गेल्या. श्रुती वर, वैद्यक खाली. थेट माझ्या मनातली मांडणी! आणि कार्डांवर त्याचे एक अक्षर नाही. मंडळी प्रसाद घेऊन घरी गेली. दुसऱ्या दिवसापासून पेटी ज्या फळीवर बोट ठेवी तेथे भलतीच पोथी निघू लागली, आणि सारे गाव म्हणू लागले की कार्डे खोटी आहेत.

मी त्या मांडणीचा कैवारी आहे, म्हणूनच मला हे ठणकावून सांगण्याचा अधिकार आहे. देवघरातले टाक उचलून दुसऱ्या कोनाड्यात ठेवावेत आणि घरात कुणाला सांगू नये, याला मी पावित्र्य म्हणत नाही. तो निष्काळजीपणा आहे, आणि देवाचे नाव घेऊन केल्याने तो अधिक मोठा होतो. ज्यांनी वस्तू हलवली त्यांनी कार्डाला दोष दिला, हा अन्याय मी विसरलेलो नाही.

आणि त्या फळ्या! कीर्तनाला आलेल्या महाराजांच्या स्नानासाठी बंब पेटवायला कोरडे लाकूड हवे होते, म्हणून कुणीतरी त्या सगळ्या बंबात घातल्या. तू ते मला सांगितलेस तेव्हा हसत होतास. “महाराजाची आंघोळ गरम पाण्यानं झाली ना, शास्त्रीबुवा? पुण्य लागलं माह्या फळ्याईले.” त्या हसण्याने मी आजही संतापतो. तू रागवायला हवे होतेस. तू मुकाट्याने एकेक पोथी काढून एकेक कार्ड दुरुस्त करू लागलास, आणि अर्ध्यावर आला होतास तोच श्रावणात काविळीने तुला गाठले. तुझे पिवळे पडलेले डोळे मी पाहिले तेव्हाही तू मला विचारत होतास की कोणत्या कपाटापर्यंत झाले. मी सांगितले, आणि तू मान हलवलीस. त्याहून अधिक बोलायला हवे होते. काय, ते मला तेव्हा सुचले नाही आणि आता सुचून उपयोग नाही.

शोकसभेनंतर निर्णय झाला की ही ‘मुकी’ पेटी अण्णासाहेबांच्या भाच्याच्या औषधालयाला द्यावी. खण लहान आहेत, चूर्णाच्या पुड्या नेमक्या बसतील. कार्डे सुतळीने बांधून माळ्यावर टाकावीत. वैद्यकाच्या पोथ्यांची तर मोट बांधून कोपऱ्यात ठेवलीही गेली. औषधालयात त्यांचा उपयोग होईल म्हणे. दसऱ्याच्या मुहूर्तावर हे सगळे हलायचे होते. मी विरोध केला. “शास्त्रीबुवा, भावना समजतात,” अण्णासाहेब म्हणाले, “पण ती चालवणार कोण?” ज्यांनी तुझ्या वाटेत काटे पेरले त्यांच्या तोंडून ‘भावना समजतात’ हे ऐकण्याची वेळ माझ्यावर आली.

या पितृपंधरवड्यात, आठवड्यापूर्वी, हिवऱ्याकडचा किसन नावाचा एक शेतकरी आला. उंच, मिशाळ, हातात पिशवी. त्याने अण्णासाहेबांना नमस्कार केला. “माह्या बापाची पोथी पायजे व्हती. आमीच देल्ली व्हती. बापाच्या तिथीले बापाच्याच अक्षरातली पोथी वाचाची, असा मायचा हट्ट हाये. म्हातारी सकाळपासून जेवली नाही.”

अण्णासाहेबांनी हात पसरले. “वामनराव वारले हो. आता ती पोथी काही सापडत नाही.”

“वारले त्यायचं वाईट वाटलं. पण पोथी त नाही ना वारली?” किसन म्हणाला. “सांभाळता येत नव्हती त घेतली काऊन?”

मी त्याला पेटीपाशी नेले आणि पाट दिला. माझ्या मनात आले की मीच शोधावी. मग तुझे शब्द आठवले आणि मी हात मागे घेतले. म्हटले, “दादा, वाचता येते ना? मग तुम्हीच विचारा हिला.”

“काय इचारू? लाल रुमालातली पोथी, हिवऱ्याकून आलेली.”

“रुमाल आणि गाव हिला ठाऊक नाही. पोथीत आहे काय?”

“नदीचं माहात्म्य.”

त्याने ‘म’च्या पट्टीखालचा खण ओढला. आत सगळी ‘क’ची कार्डे! औषधालयासाठी माप घेताना पेटी पुढे ओढली होती आणि खण उलटसुलट बसवले होते. तुझा चौथा अभाव. किसनने पट्टी पाहिली, कार्ड पाहिले, आणि पुटपुटला, “हे त दुसऱ्याच्याच घरात घुसल्यावाणी झालं.” शेजारचे दोन-तीन खण पाहून त्याने खरा ‘म’ काढला. माहात्म्यांची जाड चवड निघाली. “इतके? यात कवा सापडन?”

“प्रश्न मोठा झाला. कोणत्या नदीचे?”

“आपल्याच. पैनगंगेचं.” चवड पातळ झाली. तरी काही कार्डे उरली.

“लिहून काढली कोणी?”

“आता कोण लिवन? बापानंच की! तेच त सांगून राह्यलो मघापासून, बापाची पोथी म्हणून!”

“तुम्ही मालक सांगत होता. पेटी लेखनिक विचारते.”

त्याने मिशीतून हसत एकेक कार्ड उलटले आणि थबकला. ‘नकलणारा : विठोबा, मु. हिवरा.’ त्याने ते नाव बोटाने चाचपले, जणू शाई ओली असावी. नंतर कार्डावरची जागा वाचून तो कपाटाशी गेला. तेथे श्रुतीची पोथी होती. मागून अण्णासाहेब म्हणाले, “पाहा, मी म्हणालो नव्हतो? नाही.”

“जागेवर नाही,” मी म्हणालो. माझा आवाज चढला होता हे मला नंतर लोकांनी सांगितले.

किसन परत कार्डापाशी आला. खाली, तुझ्या त्या वाकड्या अक्षरात, आणखी एक ओळ होती : ‘शेवटच्या पानांवर बैलांची औषधे.’ ती वाचून तो म्हणाला, “हाव, बापानं लिवले व्हते, पोटफुगीचे अन् खुराचे.” मग आमच्या दोघांचेही डोळे एकाच वेळी त्या कोपऱ्यातल्या मोटेकडे गेले. पावित्र्याने लावणाऱ्याने शेवटची पाने उघडली असणार आणि पोथी वैद्यकात ढकलली असणार. गाठ सोडली. पोथी त्यातच होती. रुमाल मात्र पांढरा होता. लाल रुमाल कुणीतरी पूजेच्या पाटावर अंथरायला काढून घेतला होता. रंगाने शोधले असते तर ती हाती येऊनही ओळखली गेली नसती. घे, पोथी तिच्या नावानेच शोधावी, एवढ्यापुरता तू जिंकलास.

किसनने पोथी कपाळाला लावली. मग तो अण्णासाहेबांकडे वळला. “माह्या बापाची पोथी चूर्णाच्या दुकानात काऊन चालली व्हती?”

“अरे, बैलांची औषधं दिसली, म्हणून—”

“माहा बैल फुगला त मी तुमच्या भाच्याकडं थोडीच नेतो!” दालनात हशा उसळला. तो हसला नाही. “आमी पोथ्या कोणाच्या तोंडाकडं पाहून नाही देल्ल्या, अण्णासाहेब. हे पेटी पाहून देल्ल्या. पेटी हलवाची असन त आधी आमच्या गावाले इचारा.”

अण्णासाहेब जरा नरमले. “ठेवू हो इथंच. पण चालवणार कोण, ते सांगा.”

“मी चालवली ना आत्ता?” किसन म्हणाला. “मले त आज पयलाच दिवस हाये.”

वामना, तुझी खरी शोकसभा ती. तिला हार नव्हता. अण्णासाहेबांनी टोपी सारखी केली आणि औषधालयाची गाडी येणार नाही असे माझ्याकडे न पाहता सांगितले. मी त्यांचे आभार मानले नाहीत. पुढे मानीन, आज माझ्याच्याने होत नाही.

काल किसन पोथी परत घेऊन आला. म्हातारी तृप्त झाली म्हणाला. पिशवीतून त्याने बाभळीच्या फळ्या काढल्या, रंधा मारून गुळगुळीत केलेल्या. मी त्याला बंबाची हकिकत सांगितली होती. “आता जाळल्या त मले सांगा,” तो म्हणाला. “मी येऊन जाळणाऱ्याईले त्याच बंबात आंघोळ घालतो.” मी फार दिवसांनी हसलो.

दसऱ्याला मी खामगावला जाणार नाही. पूजेला पोथ्या उतरतील आणि नंबराने परत चढतील, आणि पाटाशी मी उभा असेन. उरलेली कार्डे मी दुरुस्त करतो आहे. आणि हेही सांगतो, कारण तुझ्यापासून चोरून करायचे नाही : शेवटच्या रिकाम्या खणात मी घरांच्या नावांची कार्डे सुरू केली आहेत. पहिले हिवऱ्याच्या विठोबाच्या घराचे. वाटणी मागायला भाऊ आले तर मी बघून घेईन. रागाव. येऊन भांड. मी तुझ्याशी भांडायला सदैव तयार आहे, हे तुला ठाऊक आहे.

खिडकीतल्या तुझ्या जागी अजून कुणी बसत नाही. त्या फळ्यांतली एक मी तेथे उभी केली. खडू हातात घेऊन पुष्कळ वेळ बसलो. शास्त्राप्रमाणे हा प्रध्वंसाभाव आहे. त्याला आरंभ असतो, अंत नसतो. जन्मभर मी हे शिकवत आलो आणि आज माझा हात ते लिहायला तयार होईना. कोठे गेला, ते मला ठाऊक नाही; कधी परतेल, ते लिहिता येत नाही. शेवटी ‘जागेवर नाही’ एवढेच लिहिले आणि खडू खाली ठेवला.

हे जो कोणी वाचेल, त्याच्या घरातला दिवा तेवत राहो. त्याच्या चुलीला अन्न आणि गोठ्याला चारा कमी न पडो. त्याच्या घरच्या म्हाताऱ्यांना मागितलेले मिळो. त्याने हलवलेल्या वस्तूचा निरोप मागे ठेवण्याची बुद्धी शारदा त्याला देवो. आणि कुणी काही शोधत त्याच्या दाराशी आले, तर ‘नाही’ म्हणण्यापूर्वी एकदा आत जाऊन पाहण्याइतका वेळ त्याच्यापाशी सदैव असो. शुभं भवतु.